ग्राइंडिंग व्हीलवरचे आकडे वाचताना या चुका टाळा

"आठ इंची दगड द्या." हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंग व्हील घ्यायला आलेला नवा मुलगा बहुतेक वेळा एवढंच सांगतो, आणि दुकानदार हाताला लागेल ते चाक काढून देतो. आता या एका वाक्यावर सोलापुरात किती तऱ्हेची कामं चालतात ते पाहा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग घासले जातात, चिंचोलीत फॅब्रिकेशन चालतं, ऊसतोडीच्या तोंडावर कोयत्यांना धार लावायची गर्दी होते, तेंदूपान कापायच्या विडी कामगारांच्या कात्र्या येतात. या सगळ्यांना चाक आठ इंची चालेलही, पण तेच चाक सगळ्यांना चालत नाही. कुठलं चाक कशासाठी हे त्याच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर छापलेलं असतं, आणि तेवढाच कागद कोणी वाचत नाही.

कागदावर तीन गोष्टी शोधायच्या. एक माप, समजा २०० × २५ × ३१.७५, म्हणजे व्यास, जाडी आणि मधलं भोक, सगळं मिलिमीटरमध्ये. दुसरी गोष्ट जास्तीत जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे चालतील ते. तिसरी म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक ओळ, उदाहरणार्थ 'ए ३६ पी ५ व्ही'. कंपनी कुठलीही असो, या ओळीचा क्रम तोच असतो: दाणा कशाचा, दाणा किती जाड, चाक किती कडक, दाणे किती दाट, आणि शेवटी दाणे कशाने बांधलेत. पहिल्या अक्षराच्या आधी आणि शेवटच्या अक्षरानंतर आणखी काही आकडे असतील तर ते कंपनीचे स्वतःचे असतात, त्यात अडकू नका.

'जास्त कठीण ते जास्त चांगलं' असं समजणं

ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, सी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. सिलिकॉन कार्बाइडचा दाणा जास्त कठीण, म्हणून सगळ्या कामाला सी चाक घेतलं की झालं, असा हिशेब बरेच जण करतात. तो चुकीचा आहे. सिलिकॉन कार्बाइड कठीण असलं तरी ठिसूळ असतं, आणि तापलेल्या पोलादाशी त्याचं जमत नाही. दाण्याची टोकं लवकर झिजून बोथट होतात. पोलाद घासायचं तर ए. बीड (ओतीव लोखंड), पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांना सी. हायस्पीड स्टीलचे टूल बिट आणि ड्रिल घासायला पांढरं चाक बरं, त्यावर एए किंवा डब्ल्यूए लिहिलेलं असतं. लेथच्या टूलला टोकाशी जोडलेल्या अतिशय कठीण कार्बाइड टिपला हिरवं चाक, त्यावर जीसी असतं.

कार्बाइड टिपच्या टूलमध्ये दोन धातू एकत्र असतात हे विसरू नका. टिप कार्बाइडची, दांडा पोलादाचा. हिरव्या चाकावर दोन्ही एकदम घासलं तर महागडं चाक दांड्यावरच खर्ची पडतं. आधी साध्या चाकावर टिपखालचा दांडा थोडा मागे घासून घ्या, मग हिरव्या चाकावर फक्त टिप टेकवा. आणि तापलेली टिप पाण्यात बुडवू नका, तडकते.

ॲल्युमिनियमचा तुकडा बेंच ग्राइंडरच्या साध्या चाकावर धरणं ही तर रोज दिसणारी चूक. मऊ धातू दाण्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसतो, चाक भरतं, कापायचं सोडून नुसतं घासत राहतं आणि तापतं. भरलेलं, तापलेलं चाक फुटू शकतं.

आकडा मोठा म्हणजे दाणा मोठा नव्हे

दाण्याचा आकडा चाळणीवरून आला आहे. एका इंचात जितकी भोकं, तितका आकडा. भोकं जास्त तितकी ती बारीक, म्हणून आकडा वाढला की दाणा बारीक होतो. ८ ते २४ जाड, ३० ते ६० मध्यम, ८० ते १८० बारीक, त्यापुढे फारच बारीक. वेल्डिंगचा फुगवटा उतरवायला २४ पुरतं, वर्कशॉपच्या रोजच्या कामाला ३६ किंवा ४६, टूलला ६०.

इथे एक चूक हमखास होते. कोयत्याला वस्तऱ्यासारखी धार हवी म्हणून सुरुवातच बारीक चाकावर करतात. बारीक चाक हळू कापतं, म्हणून माणूस जोर लावतो, आणि पातळ धारेतून उष्णता निघून जायला जागा नसते. कमानीच्या पाट्यापासून घडवलेल्या कोयत्याची धार ग्राइंडरवर नीट बघा: आधी फिकट पिवळी, मग तपकिरी, मग जांभळी आणि शेवटी निळी पडते. पिवळेपणा साधारण २२० अंशांना येतो, निळेपणा ३०० च्या आसपास. निळी झाली म्हणजे त्या जागचं पाणी, म्हणजे लोहाराने दिलेला कडकपणा, उतरलं. दिसायला धार तीच असते, पण फडात दोन सऱ्या तोडल्या की ती वळते, आणि दोष लोहाराला लागतो. म्हणून आधी ३६ किंवा ४६ वर हलक्या हाताने उतार काढा, दर दोन-तीन फेऱ्यांनी पाण्यात बुडवा, शेवटची धार हातातल्या दगडावर द्या. हायस्पीड स्टीलचं मात्र वेगळं आहे. ते बरीच जास्त उष्णता सोसतं, पण लाल व्हायच्या बेतात असताना पाण्यात टाकलं तर बारीक तडे जातात.

कडकपणाचं अक्षर उलटं वाचणं

नव्या माणसाला या ओळीतलं सगळ्यात कमी समजणारं आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारं अक्षर हे आहे. ए ते झेड या अक्षरांत ए कडची चाकं मऊ, झेड कडची कडक. पण हा कडकपणा दाण्याचा नाही, दाणे धरून ठेवणाऱ्या बाँडचा आहे. चुरमुऱ्याच्या लाडवाचं बघा ना: चुरमुरे तेच, पण पाक कडक झाला तर लाडू दाताला दाद देत नाही आणि पाक कच्चा राहिला तर हातातच सुटतो.

चाकात दाणा सुटणं हा दोष नसून तेच चाकाचं काम आहे. दाणा कापता कापता बोथट होतो, त्याच्यावरचा दाब वाढतो, तो निखळतो आणि खालचा नवा धारदार दाणा पुढे येतो. जॉब, म्हणजे घासायची वस्तू, कडक असेल तर दाणे लवकर बोथट होतात, म्हणून ते लवकर सुटायला हवेत. कडक जॉबला मऊ चाक, मऊ जॉबला कडक चाक. कडक पाणी दिलेल्या पोलादाला एच, जे, के अशा अक्षरांचं चाक योग्य. बेंच ग्राइंडरवर साध्या लोखंडाच्या कामाला एन, पी अशांचं. "माल कडक आहे, म्हणून दगडही कडक द्या" असं मागितलं की पैसे देऊन त्रास विकत घेतलाच म्हणून समजा.

त्रास ओळखायचा कसा? चाकाचा पृष्ठभाग काचेसारखा चमकायला लागला, ठिणग्या कमी झाल्या आणि जॉबवर तपकिरी-काळे डाग पडू लागले, तर चाक त्या कामासाठी कडक आहे; बोथट दाणे सुटतच नाहीत. उलट चाक भराभर बारीक होतंय, ट्रेमध्ये दाण्यांचा ढीग साचतोय, कडा गोल होतायत, तर ते मऊ आहे. पृष्ठभागावर धातूचे चकचकीत ठिपके दिसले तर चाक भरलं आहे: दाणा जाड हवा, रचना मोकळी (दाणे विरळ) हवी किंवा अक्षरच चुकलं आहे. जॉबवर लाटा उमटत असतील तर आधी चाकाचा गोलपणा आणि बेअरिंग तपासा, मग चाकाला दोष द्या.

नवीन चाक आणण्याआधी स्टार ड्रेसर किंवा डायमंड ड्रेसर (चाकाचा वरचा थर खरवडायचं हत्यार) फिरवून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच चाक पुन्हा कापायला लागतं. दोन दिवसांत पुन्हा चमकलं, तर मात्र अक्षर बदला. आणखी एक गोष्ट: चाक झिजून लहान झालं की त्याच आरपीएमला कडेचा वेग कमी होतो आणि तेच चाक मऊ असल्यासारखं वागायला लागतं.

पुढचा आकडा रचनेचा. लहान आकडा म्हणजे दाणे दाट, मोठा म्हणजे मोकळे. काही कंपन्या तो छापतही नाहीत. शेवटचं अक्षर बाँडचं: व्ही म्हणजे भट्टीत भाजलेली मातीची जात, बी म्हणजे रेझिन, बीएफ म्हणजे आत जाळी घातलेलं रेझिन, आर म्हणजे रबर. व्ही चाक ताठ असतं, पण आदळलं की तडकतं. हातात धरायच्या ग्राइंडरवर कापायला आणि घासायला बीएफच लागतं.

आरपीएमकडे दुर्लक्ष: इथे जीवावर बेततं

वरच्या चुकांमध्ये जॉब खराब होतो. इथे माणूस जायबंदी होतो. त्यामुळे हे सावकाश वाचा.

चाकाला फाडणारा ताण कडेच्या वेगावर ठरतो, आणि तो काढायला साधा गुणाकार पुरतो: व्यास मिलिमीटरमध्ये × आरपीएम × ३.१४, भागिले ६०,०००. उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं. बेंच ग्राइंडरची मोटर २८८० आरपीएमची धरा. २०० चं चाक लावलं तर वेग साधारण ३० येतो. व्ही बाँडच्या साध्या चाकाची मर्यादा बहुतेक वेळा ३३ असते, म्हणजे ठीक. आता गार्ड काढून त्याच मशिनवर २५० चं चाक बसवलं तर वेग ३७ च्या पुढे जातो. वेग सव्वापट झाला, पण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. गार्डही काढलेलं, चाकही मर्यादेबाहेर.

हँड ग्राइंडरवर तर हे आणखी भयंकर. चार इंची ग्राइंडर सुमारे ११,००० आरपीएमला फिरतो. १०० मिलिमीटरच्या कटिंग व्हीलवर ८० मीटर प्रति सेकंदाच्या हिशेबाने १५,२०० च्या आसपास आरपीएम छापलेला असतो, म्हणून ते तिथे सुरक्षित. १८० मिलिमीटरच्या व्हीलची मर्यादा ८,५०० च्या आसपास. "खोल कापायचंय" म्हणून ते व्हील चार इंची ग्राइंडरवर चढवलं की कडेचा वेग १०० च्या वर जातो. नियम एकच: चाकावरचा आरपीएम मशिनच्या आरपीएमपेक्षा जास्त असला पाहिजे. मशिनची प्लेट पुसट झाली असेल तर ती माहिती मिळेपर्यंत चाक बदलू नका. कारखान्यात काम करत असाल तर चाकाची सुरक्षित वेगमर्यादा मशिनजवळ लिहून लावणं हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे बंधनकारक होतं; २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्या अधिनियमाची जागा घेतली. फलक नसेल तर मागून घ्या.

तारीख, कागद आणि आवाज

रेझिनच्या कटिंग व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ती वापरायची शेवटची तारीख, साधारणपणे बनवल्यापासून तीन वर्षांची. रेझिनला ओल आणि उष्णता दोन्ही बाधतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीशी ठेवलेल्या व्हीलचा भरवसा तारखेआधीही धरू नये. जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून गठ्ठा उचलताना कडं जरूर वाचा.

मधला कागद फाडून चाक बसवू नका. फ्लँजचा (चाक दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्यांचा) दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून तो असतो. फ्लँज दोन्ही बाजूंना एकाच मापाचे आणि चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश हवेत. भोक मोठं असेल तर योग्य बुश (भोक लहान करणारं कडं) घाला. घट्ट असेल तर ठोकून बसवू नका.

व्ही चाक बसवण्याआधी भोकात बोट किंवा दांडी घालून ते लटकतं धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने कडेपासून इंचभर आत हलकं ठोका. चाक थोडं फिरवून पुन्हा ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा आहे. चाक कोरडं असायला हवं, आणि रेझिनच्या चाकाचा आवाज मुळातच जरा दबका असतो हे लक्षात ठेवा.

टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर जॉब आत ओढला जातो. सपाट चाकाच्या बाजूवर घासू नका, पातळ कटिंग व्हीलच्या बाजूवर तर मुळीच नाही. नवीन चाक लावल्यावर गार्ड बसवून, स्वतः बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरू द्या.

ज्या चाकावरचा कागद वाचता येत नाही, ते कितीही नवं दिसलं तरी मशिनवर चढवू नका. बद्द वाजलेलं किंवा मुदत संपलेलं चाक भंगारात टाकायच्या आधी, डोळ्यांना चष्मा लावून, हातोड्याने दोन तुकडे करा, म्हणजे ते फिरून दुसऱ्या कुणाच्या ग्राइंडरवर चढणार नाही.