एकट्या बाप्याची कथा लिहायचीय? मग त्याला एकटा बसवू नका

पहिलं म्हणजे त्याला खिडकीत बसवून पावसाकडं बघायला लावू नका, तसला माणूस आमच्या सांगलीकडं मला तरी दिसलेला नाही. इथला एकटा बाप्या कट्ट्यावर असतो, ग्रुपवर रोज सकाळी फुलांचा फोटो टाकतो, कुणाच्याही लग्नात पंगतीत वाढायला सगळ्यात पुढं. त्याला गर्दीतच ठेवा.

मग त्याच्या हाताला काम द्या. समजा पस्तिशीतला आहे, पलूस तालुक्यात वरच्या रानात द्राक्षबाग, घर नदीच्या बाजूला, आणि स्थळं येत नाहीत कारण पोरीकडच्यांना नोकरीवाला पाहिजे (हे गावोगाव चाललंय, शोधायला जायला नको). ऑक्टोबर छाटणी झालीय, अवकाळी पाऊस पडून गेलाय. मावशीनं विचारलं, "त्या स्थळाचं काय झालं रं?" की हा डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) किती आलीय ते सांगायला लागतो, फवारणीला 100 लिटरला 1 किलो मोरचूद, चुना कसा भिजवायचा, सगळं. मावशी ऐकून घेते. तिनंही परत विचारायचं नाही. हा प्रसंग मात्र घाई न करता लिहा, कथा इथंच आहे.

संवाद कमी ठेवा. पुण्यातला थोरला भाऊ वर्षभर फोन करत नाही पण ऑगस्टात करतो. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांपर्यंत चढलेलं, तेव्हापासून पोटात गोळा येतो ना सगळ्यांच्या.

"आयर्विनला किती?"
"42."
"म्हणजे धोक्याला 3 फूट."
"हां."
"बरं. ठेवू?"

ह्याच्या खाली 'त्याला खूप बोलायचं होतं' असलं वाक्य टाकलंत तर सगळं मातीत.

आणि त्याला गरीब बिचारा करू नका राव. पुतण्या पडून रडायला लागला की "पोरीसारखं काय रडतंयस" असं हाच म्हणणार, आणि वाचणाऱ्याला त्याचा राग आला पाहिजे. शेवटी ह्यालाच रडवायचं, हा सोपा मार्ग, दिवाळी अंकात तसल्या पुष्कळ येतात.

लिहून झाली की कट्ट्यावरच्याच एखाद्याला वाचून दाखवा. तो मोरचुदाचं माप तपासेल, बाकी काही बोलणार नाही, ते चालतंय. पण "हे कुणावर लिवलंयस?" म्हणून मागंच लागला तर तालुका बदला आणि मग पाठवा.