सरकारी टेंडर भरताना: जाहिरातीपासून वर्क ऑर्डरपर्यंत

टेंडर भरणाऱ्या लहान कंपन्यांचा सगळा जीव दरात अडकलेला असतो. समोरचा किती बिलो (अंदाजित रकमेच्या खाली) जाईल, आपण किती खाली यायचं, यावरच चर्चा रंगते. पण दराचं पाकीट उघडण्याआधी कागदपत्रांचं आणि तांत्रिक पाकीट उघडतं, आणि बरेचजण तिथेच गळतात. कारणंही क्षुल्लक असतात: बँक गॅरंटीची मुदत आठवड्याने कमी, अनुभव प्रमाणपत्रावर कामाची रक्कम नाही, सीएच्या दाखल्यावर यूडीआयएन (दाखला ऑनलाइन पडताळण्याचा क्रमांक) नाही. म्हणून इथे आधी कागद आणि वेळापत्रक, दर नंतर. सर्वेक्षण, प्रशिक्षण, सल्ला, देखभाल अशा सेवा देणाऱ्या पाच-पंचवीस माणसांच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

कुठे काय निघतं

राज्य शासनाचे विभाग, अनेक महापालिका आणि महामंडळं यांच्या निविदा महाटेंडर पोर्टलवर येतात. केंद्राच्या खात्यांसाठी ई-प्रोक्युअर पोर्टल आहे, रेल्वेसाठी आयआरईपीएस, आणि वस्तू व ठरावीक सेवांसाठी २०१६ साली सुरू झालेलं जेम, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार. महाटेंडर आणि ई-प्रोक्युअर दोन्ही एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेच्या एकाच प्रणालीवर चालतात, स्क्रीनही जवळपास सारखेच दिसतात. तरी नोंदणी दोन्हीकडे वेगळी करावी लागते. एकीकडे खातं आहे म्हणून दुसरीकडे लॉगिन होईल या समजुतीत राहिलात तर ते शेवटच्या दिवशी कळतं.

नोंदणीसाठी क्लास-३ डिजिटल सही लागते, सही करण्यासाठी आणि एन्क्रिप्शनसाठी अशी दोन्ही प्रमाणपत्रं त्यात असलेली. जुनी क्लास-२ प्रमाणपत्रं देणं २०२१च्या सुरुवातीपासून बंद झालं आहे. ही सही ज्यात असते ते यूएसबी टोकन ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाचं अधिकारपत्र किंवा संचालक मंडळाचा ठराव निविदेत जोडायचा. टोकन भागीदाराचं आणि कागदांवर सही मॅनेजरची, असं झालं की शंका निघतेच.

भरायचं की सोडायचं

दीडशे पानांची निविदा हातात आली की पहिल्या दिवशी फक्त चार गोष्टी वाचा: पात्रता, गुणांकनाचा तक्ता, पैसे देण्याच्या अटी आणि दंडाचं कलम. बाकीची पानं भरायचं ठरल्यावर.

समान कामाच्या अनुभवाची अट बहुतेक ठिकाणी केंद्रीय दक्षता आयोगाच्या जुन्या सूत्रावर बेतलेली असते. मागच्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. म्हणजे काम २ कोटींचं असेल तर ८० लाखांची तीन, १ कोटीची दोन किंवा १ कोटी ६० लाखांचं एक काम दाखवायचं आणि सरासरी उलाढाल ६० लाखांची हवी. सात वर्षं मोजायची कुठपर्यंत, हेही लिहिलेलं असतं. बहुधा जाहिरातीच्या आधीच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. एका महिन्याने जुनं पडलेलं काम बाद होतं.

चालू काम सहसा धरत नाहीत, पूर्णत्वाचा दाखला लागतो. त्यावर कामाचं नाव, कार्यादेश (वर्क ऑर्डर) क्रमांक, प्रत्यक्ष झालेल्या कामाची रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा, जावक क्रमांक आणि शिक्का असायला हवा. 'काम समाधानकारक आहे' एवढ्याच ओळीचं पत्र कुणी मोजत नाही. खासगी कंपनीसाठी केलेलं काम दाखवत असाल तर कार्यादेशासोबत टीडीएस कापल्याचा पुरावाही बऱ्याचदा मागतात. आणि 'समान काम' म्हणजे काय याची व्याख्या निविदेतली धरायची, आपल्या मनातली नाही. घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणाचा अनुभव मालमत्ता सर्वेक्षणाला चालेल का, हे गृहीत न धरता लेखी विचारा.

बयाणा रकमेबद्दल (निविदेसोबत भरायच्या अनामतीबद्दल) एक गैरसमज सर्रास आढळतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना केंद्राच्या खात्यांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीत बयाण्यातून सूट आहे, ती २०१२च्या धोरणामुळे. तीच सूट मुंबई महापालिकेत किंवा राज्याच्या महामंडळात आपोआप मिळते असं नाही. निविदेत स्पष्ट लिहिलं असेल तरच धरा.

निविदापूर्व बैठक

निविदेवरचे प्रश्न कार्यालयाला तक्त्यात पाठवा: पान, कलम, कलमातला मजकूर, आपला प्रश्न, सुचवलेला बदल. 'अट शिथिल करावी' एवढंच लिहिलं तर उत्तर येतं 'निविदेप्रमाणे'. कारण दिलं, पर्यायी शब्दरचना दिली, तर बदलाची शक्यता असते. मात्र आपली कामाची पद्धत उघड होईल असं काही विचारू नका. उत्तरं सगळ्यांना दिसतात. शुद्धिपत्रक (निविदेतल्या बदलांचं पत्रक) निघालं की दरपत्रकाची फाइल बदलली आहे का ते आधी बघा. बदललेली असताना जुन्या फाइलमध्ये दर भरले तर सगळी मेहनत फुकट.

तक्ता आणि उलटं वेळापत्रक

आता पूर्ण निविदा वाचायची, आणि एक एक्सेल शीट बनवायची. रकाने सात: कलम, पान, नेमकी मागणी, कोणता कागद, कोण आणणार, कधीपर्यंत, आणि आपल्या प्रस्तावात तो कोणत्या पानावर. 'बंधनकारक', 'आवश्यक', 'अन्यथा अपात्र' हे शब्द जिथे जिथे येतील ती प्रत्येक ओळ शीटमध्ये हवी. परिशिष्टं आणि तळटीपा सोडू नका. सगळ्यात त्रासदायक अटी तिथेच बसलेल्या असतात.

साधारण २१ दिवस मिळतात असं धरलं तर शेवटून मोजायला घ्या. अपलोड १९व्या दिवशी, २१व्या नव्हे. त्याआधी दोन दिवस बाहेरच्या माणसाकडून तपासणी, म्हणजे ज्याने प्रस्तावाचा एकही परिच्छेद लिहिलेला नाही त्याच्याकडून. बयाणा बँक गॅरंटीने (बँकेच्या लेखी हमीने) देणार असाल तर तिचा अर्ज पहिल्या आठवड्यातच. मसुदा निविदेतल्या नमुन्याशी शब्दशः जुळला पाहिजे. बँक आपला नेहमीचा नमुना पुढे करते, तो घेऊ नका. केंद्राच्या नियमांप्रमाणे बयाण्याची मुदत प्रस्तावाच्या वैधतेपेक्षा (आपला दर बांधील राहण्याच्या मुदतीपेक्षा) ४५ दिवस जास्त असते. वैधता १२० दिवसांची असेल तर गॅरंटी १६५ दिवसांची, आणि मोजणी कोणत्या तारखेपासून तेही बघायचं.

बयाणा ऑनलाइन भरताना एनईएफटीचं चलन निघालं तर पैसे किमान एक दिवस आधी पाठवा, आणि रक्कम चलनावरचीच, रुपया इकडे-तिकडे नको. शेवटच्या दुपारी पाठवलेली एनईएफटी पोर्टलवर दिसेपर्यंत मुदत संपते.

प्रतिज्ञापत्रांसाठी मुद्रांक निविदेत सांगितलेल्या किमतीचाच घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी अनेक दस्तांना ५०० रुपये लागू झाले. घाईत कपाटातला जुना कागद वापरला जातो.

तांत्रिक प्रस्ताव

तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर गुणांचा तक्ता असतो आणि टेबलावर आठ-दहा प्रस्तावांचे गठ्ठे. त्याला आपला गद्यविलास नको असतो, गुण कुठे द्यायचे ते हवं असतं. म्हणून प्रकरणांचा क्रम आणि शीर्षकं गुणतक्त्याप्रमाणेच ठेवा, आणि सुरुवातीलाच एक पानाची यादी द्या: निकष, मागणी, आपली पूर्तता, पुरावा कोणत्या पानावर. कंपनीचा इतिहास, संस्थापकांचं स्वप्न वगैरे दोन परिच्छेदांत आटपा.

कार्यपद्धती हा भाग मात्र खरा वेळ खाणारा, आणि गुणांचा फरकही इथेच पडतो. 'अत्याधुनिक तंत्रज्ञानाने दर्जेदार सर्वेक्षण करू' या वाक्याला शून्य किंमत. आकडे मांडा. समजा मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागात १२,००० घरांचं सर्वेक्षण आहे. एक प्रगणक दिवसाला २५ घरं करतो, २० प्रगणक म्हणजे ५०० घरं, म्हणजे २४ कामाचे दिवस. दार बंद मिळाल्याने १५ टक्के घरांत पुन्हा जावं लागेल असं धरलं तर आणखी १,८०० भेटी, म्हणजे साडेतीन-चार दिवस, एकूण २८. कामावर जाणारी माणसं संध्याकाळी आणि रविवारी भेटतात, म्हणून पुन्हा भेटीची पाळी तेव्हाची. जून ते सप्टेंबरात काम आलं तर मुसळधार पावसाचे दिवस वेगळे धरा. असा हिशेब वाचला की या माणसांनी वस्ती बघितली आहे, हे तपासणाऱ्याला कळतं.

बायोडेटा निविदेच्या नमुन्यातच, त्या व्यक्तीच्या सहीसह. अनुभव महिन्यांत मोजून द्या. '१० वर्षांपेक्षा जास्त' मागितलं आणि तारखांची बेरीज ९ वर्षं ११ महिने आली तर वरचे गुण गेले. एकाच काळातल्या दोन नोकऱ्या दोनदा मोजू नका. तोच तज्ज्ञ दुसऱ्या कंपनीच्या प्रस्तावातही नाही ना, हे त्याला स्पष्ट विचारून घ्या. सल्लागारांच्या दुनियेत हे फार चालतं.

दर

गुणवत्ता आणि दर एकत्र धरून निवड असेल तर गणित आधीच करून बघा. समजा प्रमाण ७०:३०. आपले तांत्रिक गुण ९० आणि दर ५० लाख; समोरच्याचे गुण ७८ आणि दर ४० लाख. आपले ६३ अधिक (४० भागिले ५० गुणिले ३०) २४, एकूण ८७. त्याचे ५४.६ अधिक ३०, एकूण ८४.६. दहा लाखांनी महाग असूनही काम आपलं. हे न मांडता घाबरून दर पाडणारे स्वतःचाच नफा घालवतात. एल-वन पद्धतीत हा दिलासा नाही, तिथे सगळ्यात कमी दरालाच काम.

खर्चात विसरले जाणारे आकडे: अडीच लाखांवरच्या करारात बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापला जातो. ते पैसे बुडत नाहीत, पण काही काळ हातात नसतात. बांधकामाचं काम असेल तर १ टक्का कामगार उपकर. विमा, गॅरंटीचं कमिशन, आणि बिल अडकल्याचं व्याज. ५० लाखांचं बिल ९० दिवस उशिरा आलं आणि भांडवल १२ टक्क्यांनी उचललेलं असेल तर सुमारे १ लाख ४८ हजार गेले, म्हणजे जवळजवळ ३ टक्के. कामांच्या निविदेत अंदाजपत्रकापेक्षा फार खाली गेलात तर अतिरिक्त सुरक्षा अनामत मागितली जाते. किती आणि कधी द्यायची ते वाचल्याशिवाय बिलोचा आकडा ठरवू नका.

दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचं नाव बदलायचं नाही, रकाने हलवायचे नाहीत, मॅक्रो चालू ठेवायचे. जीएसटीसह की जीएसटी वगळून, हे त्या रकान्याच्या शीर्षकावरून ठरवा. आणि दराचा एकही आकडा तांत्रिक पाकिटात दिसता कामा नये, जुन्या कोटेशनच्या प्रतीतसुद्धा नाही. महापालिकेच्या अ, ब, क अशा तीन पाकिटांच्या पद्धतीत दर फक्त क मध्ये.

अपलोड

स्कॅन १०० डीपीआयवर, कृष्णधवल. रंगीत स्कॅनने फाइल फुगते. आधी पानांना क्रमांक, मग सही-शिक्का, मग स्कॅन. पॅन, जीएसटी, ताळेबंद हे नेहमीचे कागद पोर्टलवरच्या आपल्या जागेत आधीच चढवून ठेवता येतात. सगळं चढवल्यावर 'फ्रीझ बिड' दाबलं नाही तर प्रस्ताव गेलेलाच नसतो. पोचपावतीवर बिड क्रमांक आणि वेळ येते, ती जपा. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरतात. मुदतीच्या आत प्रस्ताव सुधारून पुन्हा देता येतो, पण एकदा मागे घेतला की त्या निविदेत परत शिरता येत नाही.

नंतरचं काम

त्रुटीपूर्ततेचं पत्र नोंदणीकृत ईमेलवर येतं आणि उत्तराला दोन-तीन दिवसच मिळतात. तो ईमेल रोज बघण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. अपात्र ठरवलं असेल तर दर उघडण्याआधी लेखी हरकत घ्या, नंतर फार उपयोग होत नाही. निकालानंतर गुणपत्रक आणि तुलनात्मक तक्ता माहिती अधिकारात मागा. आपले गुण कुठे कापले गेले ते कळलं की पुढच्या प्रस्तावाचं कोणतं प्रकरण नव्याने लिहायचं ते ठरतं.

वैधता वाढवून द्या असं पत्र आलं तर नाही म्हणता येतं आणि बयाणाही जप्त होत नाही. हो म्हणालात तर जुनाच दर बांधून घेतला. वैधतेच्या आत स्वतःहून माघार घेतली तर मात्र बयाणा गेला.

काम मिळालं तर स्वीकृतीपत्रातल्या दिवसांच्या आत कामगिरीची अनामत (काम नीट पूर्ण करण्याची हमी म्हणून) भरा. केंद्रात ती आता ३ ते ५ टक्के असते आणि सर्व जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी ६० दिवस चालू राहावी लागते. त्याच दिवशी बयाणा परत मिळण्याचा अर्जही द्या. गॅरंटीचा मूळ कागद किंवा मुक्ततेचं पत्र बँकेत पोचेपर्यंत गॅरंटीसाठी बँकेने घेतलेली आपली मार्जिनची ठेव अडकून राहते, आणि कार्यालय ते पत्र स्वतःहून पाठवेल या आशेवर बसणाऱ्यांच्या ठेवी महिनोन्महिने अडकतात.