चूगाक्कोचा दिवस: सकाळी सव्वाआठ ते संध्याकाळी सहा

टोकियोत नव्याने येणारी बरीच मराठी कुटुंबं निशी-कासाईच्या आसपास घर बघतात आणि मुलांना इंडियन स्कूलमध्ये घालतात. ज्यांनी जपानी सरकारी शाळा निवडली आहे आणि ज्यांचं मूल थेट चूगाक्कोत, म्हणजे तीन वर्षांच्या माध्यमिक शाळेत, आपल्या सातवीच्या वयाला बसणार आहे त्यांच्यासाठी हे टिपण.

इयत्ता वयावरून ठरते, प्रगतिपुस्तकावरून नाही. एप्रिल 2026 मध्ये पहिल्या वर्षाला बसतात ती 2 एप्रिल 2013 ते 1 एप्रिल 2014 या काळात जन्मलेली मुलं. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नसल्यामुळे बोलावणं आपोआप येईल या भरवशावर राहू नका. वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवाल त्याच दिवशी शिक्षण मंडळाच्या खिडकीवर अर्ज द्या. फी नाही, पाठ्यपुस्तकं फुकट. गणवेश, जर्सी, शाळेतले बूट हे मात्र पदरचं, आणि एकट्या गणवेशालाच दहा हजार येनच्या काही पट सहज लागतात. उत्पन्न कमी असेल तर ‘शूगाकु एन्जो’ या मदतीचा अर्ज तिथेच मिळतो.

गणवेशाची मापं घेण्याआधी नावाचा घोळ मिटवा. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावाला बापाचं नाव चिकटलेलं असतं, त्यामुळे शाळेच्या यादीत तीन शब्दांची आगगाडी येते. जपानीत ‘ल’ नाही, ‘ळ’ तर नाहीच. कुलकर्णी ‘कुरुकारुनि’ होतात. काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, आडनाव कसं लिहायचं ते एकदाच ठरवा आणि सगळ्या फॉर्मवर तेच लिहा, कारण बऱ्याच शाळांत जर्सीवर आडनाव भरतकामाने येतं. चुकलं तर उसवून मिळत नाही, नवी जर्सी घ्यावी लागते.

सकाळी सव्वाआठ-साडेआठच्या आत वर्गात. म्हणजे जागेवर बसलेलं. फाटकातून धावत येणारं नव्हे. दारात बाहेरचे बूट कप्प्यात ठेवून ‘उवाबाकी’, म्हणजे शाळेतले बूट, घालायचे. त्यांच्या पुढच्या टोकाचा रंग इयत्तेप्रमाणे वेगळा असू शकतो, म्हणून शाळेचा कागद हातात येईपर्यंत दुकानातून काही उचलू नका. मूल येणार नसेल तर शाळा भरण्याआधी ॲपवर किंवा फोनवर कळवायचं. नाही कळवलं तर शिक्षकांचा घरी फोन येतो, आणि तो रागाचा नसून काळजीचा असतो.

कानातलं चालत नाही. टोचलेल्या कानांचं काय करायचं, मनगटावरचा काळा दोरा, गळ्यातला ताईत, सणाची मेंदी हे सगळं वर्गशिक्षकांशी, म्हणजे ‘तान्निन’शी, एप्रिलआधीच बोलून घ्या. आधी सांगितलेल्या गोष्टीला इथे वाट निघते. वर्गात अचानक दिसलेली गोष्ट नियमभंग ठरते.

सकाळी बऱ्याच ठिकाणी दहा मिनिटं मूक वाचन असतं. मराठी किंवा इंग्रजी पुस्तक चालेल का, एवढं विचारून ठेवा. मग 50 मिनिटांचे तास, मध्ये 10 मिनिटं; बहुतेक दिवशी सहा तास. शिक्षक वर्गात येतात, मुलं जागेवर. संगीत, चित्रकला, प्रयोगशाळा आणि खेळ यांसाठी मात्र त्या दहा मिनिटांतच पोचायचं, कपडेही बदलायचे. भाषा न येणाऱ्या मुलाला काही तासांना बाहेर काढून जपानी शिकवण्याची सोय काही शाळांत असते. ती मागावी लागते.

जेवणाचं नीट समजून घ्या. ‘क्यूशोकु’, म्हणजे शाळेचं जेवण, वर्गातच होतं, मुलंच वाढतात, खायला जेमतेम 15 ते 20 मिनिटं. शाकाहारी घरांची अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते. मिसो सूपमध्ये माशाची ‘दाशी’, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, करीच्या ‘रू’मध्ये, म्हणजे तयार मसाल्याच्या वडीत, प्राण्यांची चरबी, जेलीत जिलेटिन. महिन्याचा मेनू, ‘कोन्दातेह्यो’, घटकांसकट घरी येतो. तो हातात घेऊन दर महिन्याला खुणा करा. ॲलर्जीसाठी डॉक्टरांचा कागद आणि ठरलेली पद्धत आहे, शाकाहारासाठी तशी नाही, म्हणून ॲलर्जीचं खोटं कारण देऊ नका. पूर्ण डबा आणतो किंवा फक्त भाजी-आमटीच्या जागी डबा आणतो, अशी सरळ परवानगी मागा. डबा गरम करायला काही नसतं. जून-जुलैच्या दमट हवेत दहीभात आणि रश्शाची भाजी दुपारपर्यंत टिकत नाही. पोळी, कोरडी भाजी आणि डब्याला चिकटून बर्फाची पिशवी.

जेवणानंतर किंवा शाळा सुटताना पंधरा मिनिटं साफसफाई: झाडू, ओलं फडकं, जिना, कधी संडास. ही शिक्षा नव्हे. घरी मुलाला फडकं पिळायला शिकवून पाठवा, ते पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडतं.

सुटल्यावर ‘बुकात्सु’, म्हणजे शाळेचे क्लब. एप्रिल-मेमध्ये एक-दोन आठवडे पाहुणं म्हणून क्लब बघता येतात, मग नाव द्यायचं. सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्यात किमान दोन दिवस सुट्टी आणि शाळेच्या दिवशी साधारण दोन तास सराव. उन्हाळ्यात घरी यायला सहा वाजतात, हिवाळ्यात लवकर. भाषा न येणाऱ्या मुलाला दोस्त वर्गात मिळत नाहीत, क्लबमध्ये मिळतात. क्लासच्या नादात हे टाळू नका.

आणि आपल्या लोकांची हमखास चूक. पहिली चाचणी मेच्या अखेरीच्या सुमारास असते. आधी अभ्यासक्रमाचा कागद येतो, आठवडाभर क्लब बंद होतात. त्या कागदावर खाली कुठेतरी ‘वाकु’, म्हणजे सरावपुस्तकं, कधी जमा करायची ते लिहिलेलं असतं. ती सोडवून, लाल पेनाने स्वतः तपासून द्यायची असतात. गणितात 90 मार्क मिळवून प्रगतिपुस्तकात पाचपैकी 3 येतो तो बहुतेक वेळा इथे, कारण 2021 पासून ग्रेडला तीन निकष आहेत आणि त्यातला एक शिकण्याची वृत्ती. नापास कोणीच होत नाही, म्हणून हे दोन वर्षं दुर्लक्षित राहतं. टोकियोच्या सरकारी हायस्कूलच्या नेहमीच्या प्रवेशात मात्र 1020 पैकी 300 गुण तिसऱ्या वर्षाच्या ग्रेडचे, आणि त्यात संगीत, चित्रकला, गृह-तंत्र आणि खेळ यांचं वजन दुप्पट. ‘गाणं काय, होऊन जाईल’ असं म्हणू नका.

जाता जाता दप्तर. पुस्तकं शाळेत ठेवू द्यायचा विचार करा, असं शिक्षण मंत्रालयाने 2018 मध्ये शाळांना कळवलं आहे. काय ठेवता येतं ते विचारा. शुक्रवारी दप्तर स्वतः उघडा. वाढपाची पाळी असेल तर तळाशी कोंबलेला पांढरा एप्रन आणि टोपी सापडेल. धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत. पुढच्या मुलाला तोच घालायचा असतो.