हिंगण्याच्या शेडमध्ये शिकलेले रॅपिड प्रोटोटायपिंग

दरवर्षी अभियांत्रिकीचे निकाल लागले की हिंगणा एमआयडीसीतील आमच्या छोट्या शेडमध्ये चार-दोन विद्यार्थी चौकशीला येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "मॅडम, कोणता थ्रीडी प्रिंटर घेऊ?" मी त्यांना चहा देते आणि उलट विचारते की त्यांनी शेवटची फाइल हातात कधी धरली होती. त्यावर बहुतेक जण लॅपटॉप उघडू लागतात. मला मात्र कानस अभिप्रेत असते. हा विनोद आता जुना झाला आहे, पण या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याला मला जे सांगायचे आहे, त्याची सुरुवात तिथूनच होते.

मी नागपुरातूनच मेकॅनिकलची पदवी घेतली आणि बारा वर्षांपूर्वी या कामात आले. आमच्या अभ्यासक्रमात रॅपिड प्रोटोटायपिंग, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगसारख्या पद्धतींनी वस्तूचा नमुना झटपट बनवणे, हा एका ऐच्छिक विषयाचा शेवटचा धडा होता आणि तो शिकवून होण्याआधीच सत्र संपले. तंत्रज्ञान मात्र तेव्हाही नवे नव्हते. चक हल यांनी द्रवरूप रेझिन अतिनील किरणांनी थराथराने घट्ट करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९८४ मध्ये अर्ज केला आणि १९८६ मध्ये त्यांना ते मिळाले. वितळलेल्या प्लास्टिकच्या धाग्याने वस्तू उभी करण्याची स्कॉट क्रम्प यांची एफडीएम पद्धत त्याच दशकाच्या अखेरीस आली. तिचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले, आणि बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या रेपरॅप या खुल्या प्रकल्पामुळे स्वस्त यंत्रांची वाट आधीच तयार झाली होती. म्हणूनच आज हे यंत्र नागपुरातील एखाद्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यालाही घरी ठेवता येते.

तत्त्व अगदी साधे आहे. संगणकावरील त्रिमितीय आकृतीचे पातळ आडवे थर पाडायचे आणि तेच थर एकावर एक चढवत वस्तू उभी करायची. साठ मिलिमीटर उंचीचा भाग ०.२ मिलिमीटरच्या थरांनी केला तर तीनशे थर होतात, थर ०.१ केला की सहाशे होतात आणि वेळ जवळपास दुप्पट लागतो. नवशिके गुळगुळीत पृष्ठभागाच्या मोहाने नेहमी पातळ थर निवडतात आणि जो भाग संध्याकाळी हातात यायचा, तो दुसऱ्या दिवशी दुपारी मिळतो. या पद्धतीच्या नावातला 'रॅपिड' हा शब्द यंत्राच्या वेगापुरता नाही. डाय किंवा साचा बनवायला जे आठवडे जातात, ते वाचतात, हा त्याचा अर्थ आहे.

माझी खरी शाळा झाली ती एका पॅटर्नमुळे, म्हणजे वाळूत दाबून ओतकामाचा साचा उमटवायच्या नमुन्यामुळे. कामाला लागून सहा महिने झाले होते. शेतीची अवजारे बनवणाऱ्या एका ग्राहकाला अॅल्युमिनियमच्या गिअर हाउसिंगचे दोन नग तपासणीसाठी हवे होते आणि सागवानी पॅटर्न घडवायला वेळ नसल्याने तो प्रिंट करून फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, न्यायचा, असे ठरले. मी आकृतीबरहुकूम प्रिंट काढला, व्हर्नियर या सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीने मापे घेतली, सगळी मापे ०.२ मिलिमीटरच्या आत बसली, आणि मी मोठ्या अभिमानाने तो पॅटर्न फाउंड्रीतील वयस्कर पॅटर्नमेकर काकांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून एक पितळी पट्टी काढली आणि पॅटर्नच्या लांबीवर धरली.

"पोरी, अॅल्युमिनियम थंडं झालं का आकसते, हे तुह्या कम्प्युटरले कोणी सांगितलं नाही काय?"

ती पट्टी साधी नव्हती. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा आखलेला होता, म्हणजे कारागिराने त्या पट्टीने मापून पॅटर्न बनवला की आकुंचनाची भरपाई आपोआप होते, हिशेब करावा लागत नाही. अॅल्युमिनियमच्या वाळूतील ओतकामात हे आकुंचन साधारण १.३ टक्के धरतात. माझे हाउसिंग २४० मिलिमीटर लांब होते, म्हणजे ओतलेला भाग तीन मिलिमीटरने आखूड निघाला असता आणि बेअरिंगच्या दोन भोकांमधले अंतर कामातून गेले असते. ज्या पृष्ठभागांवर नंतर मशीनिंग होणार होते, तिथे दोन-तीन मिलिमीटर जास्तीचा माल मी ठेवलाच नव्हता; आणि उभ्या भिंतींना उतार नसल्यामुळे पॅटर्न वर उचलताना वाळूच्या कडा त्याच्याबरोबर निघून आल्या असत्या. शेवटची गोष्ट काकांनी तोंडाने सांगितली नाही. त्यांनी तो पॅटर्न ओल्या वाळूत ठोकून बसवला, हलकेच हलवून उचलला आणि कोसळलेला साचा मला दाखवला. थरांच्या ज्या बारीक रेघा मला डोळ्यांना जेमतेम दिसत होत्या, त्या वाळूत कंगव्यासारख्या रुतल्या होत्या.

त्या आठवड्यात मी तो पॅटर्न नव्याने केला: आकृती १.३ टक्के मोठी करून, भिंतींना दीड अंशाचा उतार देऊन, मशीनिंगच्या बाजूंना माल वाढवून. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा पॉलिश पेपर आणि शेवटी रंगाचे दोन हात. प्रिंटरने त्यात एकोणीस तास घेतले आणि माझ्या हातांनी दोन दिवस. प्रिंटिंगनंतरची ही हातमेहनत शिकवण्या घेणाऱ्यांच्या जाहिरातीत कुठेच दिसत नाही, पण आमच्या शेडमधील कामाचा मोठा वाटा तिचाच आहे.

दुसरा अनुभव याच्या नेमका उलट आहे. कापसावरच्या फवारणी पंपाचा ट्रिगर आम्ही एकाला प्रिंट करून दिला. प्रिंटरवर तो उभा ठेवला होता, कारण तसा ठेवला की आधाराचे सांगाडे कमी लागतात आणि वेळ वाचतो. ग्राहकाने पहिल्याच दाबाला तो मुळाशी मोडला आणि डिझाइन कच्चे आहे असे समजून भिंतीची जाडी दुप्पट करायला सांगितली. डिझाइन मुळात चांगलेच होते. एफडीएमच्या भागात थर आणि थर यांच्यातील जोड हा थरातल्या सलग धाग्यापेक्षा बराच कमकुवत असतो. मोडलेला तुकडा उजेडात धरला तर तो थराच्या रेघेवर सुरीने कापल्यासारखा सपाट तुटलेला दिसत होता. तोच ट्रिगर आडवा ठेवून काढला तेव्हा टिकला. जाडी खरोखरच दुप्पट केली असती तर पुढे इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भरताना, प्लास्टिक वाया गेले असते, थंड व्हायला जास्त वेळ लागला असता आणि जाड जागी पृष्ठभागाला खळगे पडले असते. म्हणून आता प्रत्येक भागाबरोबर आम्ही एक चिठ्ठी देतो: हा नमुना हातात कसा बसतो आणि जोडणीत जुळतो का, ते पाहण्यासाठी आहे; ताकदीच्या चाचणीसाठी नाही. ग्राहक ती वाचत नाहीत हा भाग वेगळा, पण चिठ्ठी लिहिताना आपल्याला तरी ठरवावे लागते की या तुकड्याकडून आपण कोणते उत्तर मागतो आहोत.

नागपुरात हे काम करणाऱ्याला हवामानाचाही अभ्यास करावा लागतो. सर्वांत सोपे प्लास्टिक म्हणजे पीएलए. ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ६० सहज ओलांडतात. आमचा एक खोका हिंगण्याहून बुटीबोरीला निघाला, वाटेत जेवणासाठी गाडी तासभर थांबली, आणि ग्राहकासमोर खोका उघडला तेव्हा आतले झाकण भाजलेल्या पापडासारखे वळलेले होते. एबीएस हे दुसरे प्लास्टिक सुमारे १०० अंशांपर्यंत तग धरते, पण ते थंड होताना आकसते, कोपरे प्रिंटरच्या तव्यावरून उचलले जातात, आणि त्याला वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. इथे कूलरशिवाय उन्हाळा निभत नाही आणि कूलरचा ओला, थंड झोत प्रिंटरवर आला की एबीएसचा भाग मधूनच फाटतो. बंदिस्त पेटीचे यंत्र घ्या किंवा कूलरचे तोंड फिरवा. आम्ही पहिली दोन वर्षे दुसऱ्या उपायावर काढली आणि घामाने चिंब झालो.

पावसाळ्यात धागा दमट होतो. नायलॉन सर्वांत जास्त ओलावा शोषते, पण पीएलए आणि पीईटीजी ही प्लास्टिकेही सुटत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: धागा वितळवून सोडणाऱ्या तापलेल्या नोझलमधून फोडणीतल्या मोहरीसारखा तडतड आवाज येतो, पृष्ठभागावर बारीक फोड दिसतात आणि भागाभागांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू लोंबतात. पीएलए ४५ ते ५० अंशांवर काही तास सुकवावे आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावे. घरातील ओव्हन वापरायचा मोह टाळावा, कारण त्याचे तापमान मध्येच वर उसळते आणि अख्खे रीळ चिकटून बसते.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. हल यांच्या पद्धतीने चालणाऱ्या रेझिनच्या एसएलए यंत्राने दागिने, दंतवैद्यकाचे नमुने आणि बारीक नक्षीचे भाग उत्तम निघतात, मात्र कच्चे रेझिन त्वचेला लागू देऊ नये. नायट्राइलचे हातमोजे, मोकळी हवा आणि धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचा खर्च आधीच धरावा. नायलॉनची भुकटी लेझरने सांधणाऱ्या एसएलएस पद्धतीत न सांधलेली भुकटीच भागाला आधार देते, त्यामुळे वेगळे सांगाडे लागत नाहीत आणि भाग चाचणीला पुरेसा मजबूत निघतो; ते यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ती कामे आम्ही पुण्याला पाठवतो. एकसारखे दहा-पंधरा नग हवे असतील तर एक चांगला नमुना करून त्यावर सिलिकॉनचा साचा ओतणे आणि त्यात पॉलियुरेथेन भरणे स्वस्त पडते. धातूच्या प्रिंटिंगचे आकर्षण सर्वांनाच असते, आणि जीई कंपनीचे, विमानांच्या लीप इंजिनातील इंधन नोझल पूर्वी सुमारे वीस तुकडे जोडून होत असे ते एकसंध छापले जाऊ लागले, हे उदाहरण खरोखरच थक्क करणारे आहे. तरीही साधा चौकोनी ब्रॅकेट धातूत छापून आणणाऱ्याला मी शांतपणे शेजारच्या सीएनसीवाल्याकडे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर धातू कापणाऱ्याकडे, पाठवते. रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणजे फक्त थर चढवणे नव्हे. लेझरने कापलेला पत्रा आणि मिलिंगने काढलेला ठोकळा हेही नमुनेच असतात आणि पुष्कळदा लवकर मिळतात.

फाइलबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. प्रिंटिंगसाठी सर्वत्र चालणारी एसटीएल फाइल वस्तूचा पृष्ठभाग लहान त्रिकोणांत मांडते, पण माप कोणत्या एककात आहे ते सांगत नाही. इंचात काढलेली आकृती मिलिमीटर समजून छापली तर ती २५.४ पट लहान निघते. माझ्या हातून निघालेला पंपाचा एक इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चक्र, अजून टेबलावर आहे. तो शर्टाच्या बटणाएवढा आहे.

शिकायचे काय, हा प्रश्न उरतो. कॅडचे, म्हणजे संगणकावर आकृती काढायचे, कोणतेही एक सॉफ्टवेअर नीट शिका. तीन अर्धवट शिकण्यापेक्षा ते बरे. टॉलरन्स आणि फिट, म्हणजे मापातली चालणारी तफावत आणि भागांची जुळणी, यांचा धडा परीक्षेनंतर पुन्हा वाचा, कारण घरगुती यंत्रावर भोके नेहमी थोडी लहान निघतात आणि सरकत्या जोडणीसाठी ०.२ ते ०.३ मिलिमीटरची सूट ठेवावी लागते, हे पुस्तकापेक्षा स्वतःच्या यंत्रावर तपासूनच कळते. महाविद्यालयाच्या वर्कशॉपमधील कानशीने घासून करायचा फिटिंगचा जॉब मित्राकडून करून घेऊ नका. सुट्टीत एखाद्या फाउंड्रीत किंवा मोल्डिंगच्या कारखान्यात महिनाभर बिनपगारी उभे राहायला मिळाले तर जरूर राहा. एक्वा लाइनच्या मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत आलात की हिंगण्याच्या शेड तिथून जवळच आहेत, आणि विचारणाऱ्याला तिथले कारागीर सहसा नाही म्हणत नाहीत. प्रिंटर घ्यायचाच असेल तर पहिला स्वस्तातला चालेल. तो वारंवार बिघडेल, नोझल तुंबेल, पट्टा सैल होईल, आणि ते सगळे स्वतः खोलून दुरुस्त केल्यावर तुम्हाला जे कळेल, ते महागड्या यंत्रावर कळणार नाही.

आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्याची गुणपत्रिका मी शेवटी पाहते. आधी त्याच्यासमोर एक मोडलेला प्लास्टिकचा भाग, कोरा कागद आणि व्हर्नियर ठेवते, आणि याची मापे घेऊन आकृती काढ, एवढेच सांगते. बहुतेक जण लगेच भाग उचलतात. गेल्या वर्षी कामठीहून आलेल्या एका मुलीने आधी व्हर्नियरचे जबडे बंद करून शून्य जुळते का ते पाहिले, मग तुटलेली कडा खिडकीकडे धरली आणि विचारले, "मॅडम, हा उभा छापला होता का?" ती आता आमच्याकडे फवारणी पंपाचे काम पाहते.