नाताळच्या तालमीतली चिल्लीपिल्ली: माझा अनुभव

आमच्या मराठी मंडळीच्या (चर्चच्या) संडे स्कूलमध्ये मी तीन ते पाच वर्षांची मुलं सांभाळते. डिसेंबर लागला की वर्गाचा नूरच पालटतो. रात्री घरोघरी नाताळगीतं गात जायच्या कॅरल फेरीमुळे जागरण, घरात करंज्यांची गडबड, त्यात येशूजन्माच्या नाटकाची तालीम. मग ढकलाढकली, रडारड, "देवदूत मीच होणार!"

पात्रांवरची भांडणं पवित्र शास्त्रानंच, म्हणजे बायबलनंच मिटवली. लूकच्या शुभवर्तमानाच्या 2ऱ्या अध्यायात देवदूतांचा मोठा समुदाय आहे, मेंढपाळ किती ते दिलेलं नाही. मत्तयाचं शुभवर्तमानही मागी लोकांची, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची, संख्या सांगत नाही. म्हणून ज्याला जे आवडेल ते होऊ देते. येशूची आई मरिया मात्र आळीपाळीनं: एक गाणं संपलं की निळी ओढणी पुढचीच्या डोक्यावर.

गव्हाणीत बाहुली ठेवून मी कुजबुजत बोलते, "बाळ झोपलंय." एवढ्यावर निम्मा वर्ग शांत होतो. "पळू नका" म्हणण्यापेक्षा "बाळापाशी हळू चालत या" हे त्यांना पटकन कळतं.

एक छोटा सारखा हात उगारायचा. मी गुडघ्यांवर बसले, त्याचे हात हातात घेतले. "मारलं की लागतं रे. कंदील धरतोस?" तो माझ्याजवळ उभा राहिला, दोन्ही हातांनी कंदील घट्ट धरून. आता ते काम त्याचंच.

तालमीआधी सगळ्यांना केळं देते, कारण उपासना लांबली की भुकेनंच चिडचीड होते. आणि पालकांना सांगून ठेवलंय: रात्री फेरीला उशीर झाला असेल तर लेकराला खुशाल मांडीवर झोपू द्या, तालीम चुकली तरी चालेल.