गोठलेल्या आर्गॉनमधले धातूचे रेणू: नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मॅट्रिक्स आयसोलेशनमध्ये, म्हणजे न टिकणारे रेणू गोठलेल्या निष्क्रिय वायूत अडकवून तपासण्याच्या तंत्रात, उतरायचं असेल तर आधी व्हॅक्यूम लाइनवर (हवा काढून टाकलेल्या नळ्यांच्या जोडणीवर) हात बसवा. लेझर, क्रायोस्टॅट (नमुना अतिथंड ठेवणारं उपकरण) नंतरही शिकता येतात. गळती शोधायची चिकाटी मात्र पहिल्या दिवसापासून लागते.

धातूच्या तबकडीवर १०६४ नॅनोमीटरच्या लेझरचे सेकंदाला १० झोत मारायचे. उडालेले अणू भरपूर आर्गॉन आणि किंचित अभिक्रियाशील वायूसोबत ४ ते १० केल्विनवरच्या सिझियम आयोडाइडच्या खिडकीवर गोठवायचे. एरवी क्षणभरही न टिकणारा रेणू तिथे तासन्‌तास अडकून राहतो आणि इन्फ्रारेडमध्ये निवांत मोजता येतो.

०.५ टक्के ऑक्सिजन हवा असेल तर रिकाम्या काचेच्या बल्बमध्ये आधी ३ टॉर (दाबाचं एकक) ऑक्सिजन भरा, मग एकूण ६०० टॉर होईपर्यंत आर्गॉन. क्रम उलटा केला तर ५९७ वर ३ टॉर मोजताना गेजची चूकच मोठी ठरते. मिश्रण रात्रभर ठेवा. तासाला २ ते ४ मिलिमोल सोडा. घाई केली की थर तापतो, अणूंचे पुंजके होतात आणि थर दुधाळ दिसतो. तबकडी फिरती हवीच, नाहीतर एकाच जागी खड्डा पडून धातू खिडकीपर्यंत पोचत नाही.

पहिला स्पेक्ट्रम नेहमी धातू आणि निव्वळ आर्गॉनचा घ्या. १६०८ प्रति सेंमीला (इन्फ्रारेड रेषेची जागा सांगणारं एकक) पाणी, २१३८ ला कार्बन मोनॉक्साइड, २३४५ ला कार्बन डायऑक्साइड दिसले, तर लाइन अजून स्वच्छ नाही.

नागपूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सिझियम आयोडाइड धुरकट होतो. खिडक्या डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, स्पेक्ट्रोमीटरमध्ये कोरडा नायट्रोजन चालू ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कॉम्प्रेसर थंड ठेवणारा उघड्यावरचा चिलर बंद पडू शकतो. मग क्रायोस्टॅटचा हेलियम कॉम्प्रेसर थांबतो आणि थर उडून जातो. त्या दिवसांत लांबचे प्रयोग रात्री लावा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो आयसोटोपना, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंना. आर्गॉनमध्ये लोह-ऑक्सिजन या दोन अणूंच्या रेणूची रेषा ८७२.८ प्रति सेंमीला येते. रिड्यूस्ड मास (कंपनात दोन अणूंचं मिळून धरलं जाणारं वस्तुमान) काढून बघा: ऑक्सिजन-१६ साठी १२.४४, ऑक्सिजन-१८ साठी १३.६२, गुणोत्तराचं वर्गमूळ १.०४६. म्हणजे ऑक्सिजन-१८ वापरला की रेषा ८३४ च्या आसपास सरकायला हवी, आणि ती तिथेच सापडते. पण एकाच ऑक्सिजन रेणूतून आलेले दोन अणू धातूवर बसले असतील, तर ऑक्सिजन-१६ आणि १८ चे रेणू नुसते मिसळून दोनच रेषा मिळतात. दोन समान अणू सिद्ध करायला १६-१८ असा मिश्र रेणूही लागतो. तेव्हा तीन रेषा दिसतात.

नंतर थर २० ते ३५ केल्विनपर्यंत हळूहळू तापवून परत थंड करा, पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली धरा. ज्या रेषा कायम एकत्र वाढतात-घटतात, त्याच एका रेणूच्या असू शकतात.

आर्गॉनही तटस्थ राहीलच असं नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ लेस्टर अँड्र्यूज यांच्या गटाच्या कामात कार्बन-युरेनियम-ऑक्सिजन रेणूच्या रेषा निऑनमध्ये १०४७ आणि ८७२ ला, तर आर्गॉनमध्ये ८५२ आणि ८०४ ला आल्या. २००२ मध्ये याचं कारण स्पष्ट झालं: आर्गॉनचे अणू युरेनियमला बांधले जात होते. म्हणून जमेल तिथे निऑनमध्येही प्रयोग करा.

तयारी नागपुरातच होते: विभागातला एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर), ग्रुप थिअरी (रेणूंच्या सममितीचं गणित), साध्या संगणकावर डीएफटी (रेणूंचे गुणधर्म काढण्याची गणनपद्धत). उन्हाळ्यासाठी विज्ञान अकादम्यांच्या समर रिसर्च फेलोशिपला अर्ज करा. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात या तंत्रावर काम झालेलं आहे. विषय हायड्रोजन बंधांसारखे असले, तरी क्रायोस्टॅट आणि व्हॅक्यूमचं शिक्षण तेच.