स्कार्फ सोडा आणि दाबून धरा: छोट्या स्काऊटसाठी प्रथमोपचार

पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या हाइकला गेलेल्यांना ठाऊक असेल, तिथल्या दगडी पायऱ्या शेवाळाने किती निसरड्या होतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या पथकातला सहावीचा एक मुलगा तिथे घसरला आणि हात टेकला तो नेमका फुटक्या बाटलीवर. त्याच्या टोळीनायकाने लगेच तळव्यावर गॉझ दाबला. इथवर सगळं शिकवल्याबरहुकूम. पण दर अर्ध्या मिनिटाने तो गॉझ उचलून बघायचा, ‘थांबलं का?’ रक्त कसलं थांबतंय! धरू लागलेली गुठळी तो प्रत्येक वेळी स्वतःच सोडवत होता.

मुलांचं चुकतं ते इथेच. काही करत नाहीत म्हणून नव्हे, जरा जास्तच करतात म्हणून.

आधी पाच सेकंद थांबा

धावत जाऊ नका. ज्यावरून तो घसरला त्यावरून तुम्हीही घसराल. विजेची वायर, गाडी, काच आहे का ते बघा, मग जवळ जा. एकाने जखमीपाशी थांबायचं, दुसऱ्याने सरांना बोलवायचं, तिसऱ्याने फोन लावायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८, कुठल्याही संकटात ११२. पत्ता सांगताना नुसतं ‘नॅशनल पार्क’ म्हणू नका, ते अवाढव्य आहे. ‘बोरिवलीच्या दरवाजातून आत, कान्हेरीच्या पायथ्याशी’ असं सांगा आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका.

रक्त

शक्य असेल तर हातमोजे घाला, नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवा. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा आणि आणखी जोर लावा. काच आत रुतली असेल तर उपटू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळद, कॉफी पूड यातलं काहीही जखमेत भरू नका. डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावं लागतं, आणि तेव्हा मुलगा पहिल्यापेक्षा जास्त रडतो.

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. नेमकं उलट करा. पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरा, श्वास तोंडाने.

हाताची झोळी

गळ्यातला स्कार्फ शोभेसाठी नाही. त्याच्या दोन बाजू साधारण ७० ते ८० सेंटीमीटर असतात. शाळकरी मुलाच्या हाताला तेवढा पुरतो, मोठ्या माणसासाठी दोन जोडावे लागतात.

१. दुखरा हात कोपरात वाकवून छातीशी आणा, मनगट कोपरापेक्षा किंचित वर. वाकवताना फार दुखलं तर सक्ती नको, आहे तसाच आधार द्या.
२. हात आणि छाती यांच्यामधून स्कार्फ सरकवा. टोकदार कोपरा कोपराकडे, वरचं टोक चांगल्या बाजूच्या खांद्यावरून मानेमागे.
३. खालचं टोक हातावरून वर आणा आणि दुखऱ्या बाजूला गळपट्टीच्या हाडावरच्या खळगीत रीफ नॉट (चपटी बसणारी गाठ) मारा. मानेच्या मणक्यावर गाठ आली तर पाच मिनिटांत टोचायला लागते.
४. कोपरापाशी उरलेलं कापड पीळ देऊन आत खोचा.

आता शेवटचं, जे परीक्षेत निम्मी मुलं विसरतात: बोटं बघा. नख दाबून सोडा, दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं गार किंवा निळसर वाटली तर झोळी सैल करा.

भाजणं

कॅम्पवर पातेलं उचलताना हे होतंच. अंगठी, कडं लगेच काढा, मग वीस मिनिटं नळाचं साधं पाणी. पाणीकपातीच्या दिवसांत वीस मिनिटं नळ सोडायचा जिवावर येतो, मान्य. मग तांब्याने ओतत राहा, खाली बादली ठेवा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडायचे नाहीत.

साप

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखत बसू नका, मारायला तर जाऊच नका. मुलाला हलू देऊ नका, चालवू नका, उचलून थेट इस्पितळात न्या. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. दोरी आवळणं, चिरा देणं, विष चोखणं हे सिनेमात.

बेशुद्ध आणि श्वास नाही

१०८ आणि मोठ्या माणसासाठी आरडाओरडा, दोन्ही एकदम. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० दाब. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटीमीटर दबायला हवी. दहा वर्षांच्या मुलाचा जोर तितका पुरत नाही हे खरं, पण शिकवावं, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. हे वाचून येत नाही, सरावाच्या पुतळ्यावर करूनच येतं.

जुहूचा निळा पाहुणा

पावसाळ्यात जुहू, अक्सा, गिरगावच्या किनाऱ्यावर ब्लूबॉटल नावाचे, जेलीफिशसारखे समुद्री जीव येतात. फुग्यासारखे दिसतात, मुलं हमखास पायाने उडवायला जातात. मेलेलाही डंख मारतो. चोळू नका, वाळू घासू नका. चिकटलेले धागे काडीने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं पाय ठेवा. धाप लागली किंवा अंगभर पुरळ आलं तर थांबू नका, इस्पितळ गाठा. गरम पाणी किनाऱ्यावरच्या चहावाल्याकडे मिळतं, आम्ही दोनदा मागून घेतलंय. फक्त आधी स्वतःचा हात बुडवून बघा, तो उकळतं देतो.